आभाळातली मूस

आटपाडीच्या पूर्वेला जतच्या दिशेने जे माळरान पसरत जातं, त्यावर आभाळातून पाऊस पडायची मारामार. पण त्या वर्षी शाळू काढून झाला आणि तिथे अख्खं अंतराळ स्थानक पडलं. अख्खं म्हणजे त्यातलं जेवढं जळायचं राहिलं तेवढं. कुठल्या तरी देशाने वर नेऊन ठेवलेलं, वापरून जुनं झालेलं. ते समुद्रात पाडणार होते म्हणे. टीव्हीवर एक जण नकाशावरचा निळा भाग दाखवून सांगत होता की काळजीचं कारण नाही. मी उंब्रजला माझ्या शिलाईच्या दुकानात लग्नसराईचे ब्लाउज शिवत बसले होते. टीव्हीवर कुणी काळजीचं कारण नाही म्हणालं की मला आधी माहेरची आठवण येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, आपल्या माळावर आभाळातनं काय काय पडलंय. कुणाला लागलं न्हाई. पर तुमी या."

"दादाला काय झालं?"

"काय न्हाई झालं. हसत्यात."

"मग?"

"म्हणून तर म्हंते, या."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात असतात. सोनाराच्या दुकानातली मोड, कानस मारताना उडालेला कीस, केरसुणीने गोळा केलेली माती, असलं सगळं विकत घ्यायचं, भट्टीत जाळायचं, तेजाबात म्हणजे ॲसिडात टाकायचं आणि त्यातून सोनं वेगळं काढायचं. जिथे म्हणून सराफकट्टा आहे, तिथल्या मागच्या बोळात आमच्याकडचा एखादा गलाईवाला सापडतोच. दादा मिसरूड फुटायच्या आत उत्तरेत गेला. पहिली काही वर्षं त्याने नदीच्या घाटावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मढ्यांची राख चाळली. मेलेल्या माणसाच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवतात, तो शोधायचा. हे त्याने मला एकदाच सांगितलं, भाऊबीजेला जेवताना, आणि मग हात धुवायला उठला तो बराच वेळ हात धूत राहिला. पुढे दक्षिणेत त्याने स्वतःची भट्टी टाकली. खोलीला खिडकी नाही, आत पंखा नाही, कारण वाऱ्याने कीस उडतो. त्या खोलीत त्याने जन्म काढला आणि फुप्फुसं घालवली.

सांगलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून स्पष्ट सांगितलं होतं. आता धूर म्हणजे ह्यांना विष. तेजाबाचा वाससुद्धा नको. चूल नको, विडी नको, होळीलाही लांब उभं राहायचं. त्या आजारपणात वहिनीच्या मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या. मोडल्या म्हणजे दादाने स्वतःच्या हाताने गाळल्या, कारण दुसऱ्याकडे दिल्या तर तो घट जास्त धरेल. त्याने गाळलेलं ते शेवटचं सोनं. तेव्हापासून वहिनीच्या काळ्या मण्यांत पितळेच्या दोन वाट्या असायच्या.

गावी आल्या आल्या वहिनीने भट्टी, चिमटे आणि सोनं वितळवायच्या मुशी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. मूस म्हणजे आगीत टिकणारं खोलगट भांडं. तेवढं नसलं तर गलाईवाला काही करू शकत नाही, असा तिचा हिशेब होता. देवापुढची उदबत्तीही तिने बंद केली. शेजारीण एकदा म्हणाली, देवाला असं ठेवू नये. वहिनी म्हणाली, देव खोकत न्हाई. दादाचा श्वास चालला पाहिजे, ह्या एका गोष्टीवर तिने सगळा संसार आणून ठेवला होता.

मी कराड, विटा करत एसटीने पोचले तोवर दुपार कलली होती. वाडीतल्या आमच्या घराच्या अंगणात माणसंच माणसं. मधोमध बाजेवर दादा बसलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट. समोर पोत्यावर करपलेले पत्रे, वाकडे नळे, तारांचे गुंते मांडलेले. जो तो माळावरून काहीतरी उचलून आणत होता आणि दादापुढे धरत होता. गलाईवाल्याला धातू कळतो, म्हणून.

"बघा की, सोनं हाय का?"

दादा वस्तू हातात घ्यायचा, जोखायचा, नखाने खरवडायचा. "न्हाई. जमा करून टाक." असं म्हणताना तो खरंच हसत होता. गावी आल्यापासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. लोक यायचे, बरं हाय का म्हणायचे आणि जायचे. आज त्याच्या शब्दाला किंमत आली होती. मला बरं वाटलं, आणि वहिनीने का बोलावलं तेही कळलं.

लोकांचा जीव मुख्यतः एका सोनेरी कापडावर अडकला होता. त्याचे फाटके, चिंध्या-चिंध्या झालेले तुकडे सगळ्या माळावर बाभळींना लटकत होते. उन्हात असं चमकायचं की कुणीही फसावं. दादाने एकदाच काडीने उचलून बघितलं आणि म्हणाला, नुसता रंग. पण मी ते हातात घेतलं, कारण कापड म्हटलं की माझा हात जातोच. वरून सोनेरी, आत चांदीसारखे पातळ पापुद्रे, दोन पापुद्र्यांच्या मध्ये मच्छरदाणीसारखी जाळी. आणि काठाला टाके. ते टाके हाताने घातलेले होते. मशीनचा टाका मला अंधारातही ओळखू येतो. एका कोपऱ्यात धागा संपल्यावर नवा जोडून गाठ आत दडपली होती. मीही तशीच दडपते, गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. कुठल्या परदेशातली कोण बाई मान मोडून हे शिवत बसली असेल. तिला काय माहीत, तिचं काम आटपाडीच्या शेळ्या चघळणार आहेत. मला उगाच रडू आलं, आणि मी ते शेळीच्या तोंडातून ओढून घेतलं.

सरकारी जीप फिरत होती. तिच्यावरच्या भोंग्यातून सांगत होते की ह्या वस्तूंना हात लावू नका, त्या विषारी असू शकतात, सापडतील त्या शाळेत आणून जमा करा. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि पुढच्या बाभळीकडे चालू लागायचे. विषारी म्हटलं की आमच्याकडे नाग किंवा फवारणीचं औषध. गार पडलेला पत्रा विषारी असतो, हे कुणाच्या डोक्यात शिरणार?

दादा मात्र सगळ्यांना जमा करायलाच सांगत होता. फक्त हिरव्या प्लेटा तो मागे ठेवत होता. रेडिओ उघडला की आत दिसतात तसल्या, कडेला बारीक पिवळे दात असलेल्या. त्याच्या शहरात कॉम्प्युटरच्या असल्या प्लेटा जाळून सोनं काढणारे होते, हे मला माहीत होतं.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"बघायला."

"दादा, मला येडी समजतोस व्हय?"

"अगं, भट्टी हाय का घरात? मूस हाय का? नुसतं बघतोय."

ते खरं होतं. भट्टी नव्हती आणि मूस नव्हती. म्हणून मी त्या प्लेटा तिथेच राहू दिल्या.

मूस आली दुसऱ्या दिवशी, एका म्हाताऱ्या धनगराच्या घोंगड्यात गुंडाळून. तो मेंढरं घेऊन जतकडून वर आला होता. त्याने घोंगडं उलगडलं तर आत ओंजळीएवढं खोलगट भांडं. कशाचं टोपण होतं की कशाचा तळ, देव जाणे. बाहेरून निळे-जांभळे पट्टे उठलेले, आतून राखाडी लेप. कुठे चीर नाही, काठ वाकलेला नाही.

"आवं, हे देवापुढं ठिवावं का न्हाई, तेवढं सांगा," म्हातारा म्हणाला. "आभाळातनं आलंय. इटाळाचं नसावं."

दादाने ते दोन्ही हातांत घेतलं. बोटाने वाजवलं, कान लावून ऐकलं. त्याने ते इतका वेळ फिरवून फिरवून बघितलं की म्हातारा कंटाळून खाली बसला.

"देवापुढं नगं ठिवू," दादा म्हणाला. "माझ्याकडं राहू दे." मग माझ्याकडे वळला. "बघितलंस का? सगळं जळून राख झालं आणि ह्ये तसंच खाली आलं. त्या आगीतनं. असली मूस आमच्या धंद्यात कुणी बघितली नसंल."

तो शब्द त्याच्या तोंडून सहज गेला. वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

दुसऱ्या कुणालाही त्या भांड्यात भांडंच दिसलं असतं. म्हाताऱ्याला देवाचं दिसलं, शेजाऱ्याला कोंबड्यांच्या पाण्याचं. जन्मभर आगीपुढे बसलेल्या माणसाला तेवढंच दिसलं की हे आगीला पुरून उरलंय. आगीला पुरून उरलेल्या भांड्यावर गलाईवाला डोळे मिटून विश्वास ठेवतो. ते कशाने माखलंय, हा प्रश्न त्याला पडतच नाही. त्याच्या मते जे वाईट होतं ते वरच जळून गेलं.

त्या संध्याकाळी आमची चांगलीच जुंपली. वहिनी म्हणाली, ते भांडं आत्ताच्या आत्ता शाळेत द्या. दादा म्हणाला, उद्या देतो. मी म्हणाले, तुझी छाती चाळणीसारखी झालीय, तुला लाज वाटत नाही का. तो चिडला नाही. त्याने वहिनीच्या गळ्याकडे बघितलं, पितळ घासून घासून काळं पडलं होतं तिकडे, आणि म्हणाला, "उद्या बाजार हाय न्हवं? जाता जाता तुमीच समदं जमा करा. म्या पोतं भरून ठिवतो."

सकाळी पोतं भरून तयार होतं. तोंड त्यानेच सुतळीने आवळून बांधलं होतं. वहिनीने डोक्यावर घेतलं. बाहेर पडताना ती इतकी हलकी वाटली की मी तिला म्हणाले, आज बाजारात भजी खाऊ.

शाळेत ही रांग. कुणी पत्रे, कुणी तारा, एका बाईने तर हळदीकुंकू लावलेला गोळा आणला होता आणि तो द्यायच्या आधी नमस्कार करत होती. आमची पाळी यायला ऊन डोक्यावर आलं. हातमोजे घातलेल्या माणसाने पोतं उघडून व्हरांड्यात पालथं केलं. सोनेरी चिंध्या निघाल्या, नळे निघाले, पत्रे निघाले. भांडं नव्हतं. हिरव्या प्लेटा नव्हत्या.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग बाजाराची पिशवी तिथेच टाकून ती पळाली. पन्नाशीची बाई, पायात चप्पल नाही, ढेकळांतून सरळ. मी मागे. ओढ्याच्या बांधावर आल्यावर आमच्या गोठ्यामागे धूर दिसला. पिवळट. हिरवट.

त्याने विटा रचून भट्टी केली होती. वारा द्यायला शेजाऱ्याचा डाळिंबं फवारायचा ब्लोअर आणला होता. तेजाबाची बाटली इतकी वर्षं त्याने कुठे लपवली होती, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. निखाऱ्यांत ते भांडं बसलेलं होतं आणि मी खोटं कशाला बोलू, ते जसंच्या तसं होतं. वितळलं नाही, तडकलं नाही. आतला राखाडी लेप तेवढा फेसाळून जळून गेला होता. त्याचा वास मी आधी कधी घेतला नव्हता. गोड होता.

दादा भिंतीला टेकून बसला होता. ओठ जांभळे. वहिनीने त्याला धरून बाहेर ओढलं आणि मग त्याच्या खांद्यावर गुद्दे मारायला लागली. "काय केलंसा? आवं, काय केलंसा ह्ये?" आयुष्यात तिने त्याच्यावर हात उगारला असेल तर तो तेवढाच. तो हसायचा प्रयत्न करत होता, पण श्वासच आत जात नव्हता. उजवी मूठ मात्र घट्ट आवळलेली.

सांगलीला डॉक्टरांनी विचारलं, धूर कशाचा होता? वहिनी म्हणाली, आभाळातल्या भांड्याचा. डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. त्यांनीही बातम्या बघितल्या असणार. आधीच निकामी झालेली छाती, त्यात तेजाब, त्यात प्लेटा आणि तो लेप. ह्यातल्या कशाने किती घात केला, हे सांगता येणार नाही, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले.

मूठ त्याने दवाखान्यात उघडली. आत शाळूच्या दाण्याएवढा मणी. तोंडावरचा मास्क त्याने बोटाने सरकवला.

"वाट्या कर," तो वहिनीला म्हणाला.

"एवढ्याच्या? एवढ्याच्या वाट्या हुत्यात व्हय?" वहिनी रडत रडत त्याच्यावर खेकसली.

"आजून मिळंल. माळभर पडलंय."

मला त्याचा इतका राग आला की मी खोलीच्या बाहेर निघून गेले. अजूनही येतो. माणूस मरायला टेकलाय आणि माळभर पडलंय म्हणतो. पण ते म्हणताना त्याच्या डोळ्यांत जी उमेद होती, तशी मी भट्टी सुटल्यापासून बघितली नव्हती. चौथ्या दिवशी तो गेला.

त्याला अंगणात ठेवल्यावर चुलत्यांनी विचारलं, तोंडात घालायला सोन्याचा मणी आहे का, नाहीतर सोनाराकडे माणूस पाठवू. वहिनीने पदराची गाठ सोडली. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "वन्सं, त्यांचंच हाय." आणि तुळशीपत्राबरोबर तो मणी तिने त्याच्या जिभेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात माणसं आली. हातमोजे, मास्क, पांढऱ्या पिशव्या. त्यांनी भांडं उचललं, प्लेटांचे उरलेले तुकडे उचलले, भट्टीतली राखसुद्धा ब्रशने भरून घेतली. बोलायला सभ्य होती. त्यातला एक जण म्हणाला, ही सगळी मालमत्ता त्या देशाची असते, पडली तरी त्यांचीच, परत मागितली तर द्यावी लागते. मी विचारलं, आणि पडलेलं आमचं माणूस? तो खाली बघत म्हणाला, आणखी काही राहिलंय का, बाई? मी म्हणाले, राहिलं असेल तर मसणात राहिलंय, अजून गरम आहे, जाऊन उचला. ते बिचारे पिशव्या घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी सावडायला माणगंगेच्या काठावर गेलो. कुठून कुठून गलाईवाले आले होते. रेल्वेने, मिळेल त्या गाडीने, तेजाबाने पिवळी पडलेली नखं घेऊन. राखेवर पाणी मारलं आणि ती माणसं उकिडवी बसून राख भरायला लागली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांची बोटं आपोआप चाळायलाच लागली. हाडं एका बाजूला, राख एका बाजूला. सगळ्यांत म्हातारा होता त्याच्या बोटांना मणी लागला. त्याने अंगठ्याने पुसला, उन्हात धरला. काळवंडला नव्हता.

"चोख हाय," तो म्हणाला. "लय चोख काढलाय गड्यानं."

आणि तो राखेच्या गाडग्यात टाकायला गेला. तेवढ्यात वहिनीने हात पुढे केला.

"द्या इकडं."

चुलते म्हणाले, "आगं, मेलेल्याच्या तोंडातलं सोनं घरात न्हेत न्हाईत. पाण्यात सोडायचं असतं."

"पाण्यात सोडून काय हुतंय, ते मला ठावं हाय," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "माझा माणूस त्याच पाण्यात हुबा ऱ्हाऊन दुसऱ्यांचं काढत हुता. तवा कोण आलं न्हाई सांगाया. ह्ये त्यांनी माझ्यासाठी काढलंय. द्या."

 जमलेल्या गलाईवाल्यांतल्या निम्म्यांनी कुठल्या ना कुठल्या घाटावर राख चाळलेली. म्हाताऱ्याने मणी पाण्याने धुतला आणि तिच्या तळहातावर ठेवला. गळ्यातलं तर आदल्या दोन दिवसांतच बायकांनी काढून घेतलं होतं. तिने तो पुन्हा पदराला बांधला.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. वहिनी शेजारणीकडे गेली आणि हातात दोन उदबत्त्या घेऊन आली. आमच्या घरात त्या नव्हत्याच. सुतक असल्याने देव झाकलेले होते, म्हणून तिने दादाच्या फोटोपुढच्या दिव्यावर त्या पेटवल्या आणि तांदळाच्या वाटीत खोचल्या. मग तिथेच भिंतीला टेकून बसली. धूर वर गेला, आढ्याला लागला आणि घरभर पसरला. मी सवयीने उठले आणि खिडकी उघडायला गेले.

"राहू द्या, वन्सं," वहिनी म्हणाली. "आता कोण खोकतंय?"